सावलीला इंग्रजीत दोन शब्द आहेत

'प्लीज पार्क द स्कूटर इन द शॅडो.' आठवीतल्या एका मुलीच्या वहीतले हे वाक्य मी बराच वेळ पाहत बसले. स्पेलिंग चोख, व्याकरण चोख, तरी वाक्य चुकलेले. तिला म्हणायचे होते, गाडी सावलीत लावा. तिच्या शब्दार्थांच्या वहीत 'शॅडो म्हणजे सावली' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते, आणि चार पाने उलटल्यावर 'शेड म्हणजे सावली' असेही. दोन्ही अर्थ बरोबर होते. दोघांतला कोणता शब्द कधी वापरायचा, हे मात्र त्या वहीत कुठेच नव्हते.

आपण झाडाच्या सावलीत बसतो आणि भिंतीवर आपली सावली पडते. मराठीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत ऊन अडल्यामुळे मिळणारी गार जागा ती 'शेड', आणि प्रकाश अडल्यामुळे उमटणारी काळी आकृती ती 'शॅडो'. शेडमध्ये माणूस बसतो, शॅडो माणसाच्या मागे येते. त्या मुलीच्या वहीत मराठी अर्थाऐवजी या दोन ओळी असत्या, तर स्कूटर योग्य जागी लागली असती.

म्हणून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे असते की शब्दाची जोडी मराठी प्रतिशब्दाशी लावून थांबू नका, ती व्याख्येशी लावा. शाळेत 'जोड्या लावा' हा प्रश्न आपण दोन-चार मार्कांचा सोपा प्रश्न म्हणून सोडवला. तोच प्रकार नीट वापरला तर शब्द शिकण्याचे फार उपयोगी साधन होतो. नीट न वापरता केला तर वेळ जातो आणि शब्द येत असल्याचा नुसता भास होतो. हा फरक कुठे पडतो, ते सांगते.

आधी मराठी प्रतिशब्दाची बाजू घेते, कारण तो टाकाऊ नाही. 'ब्रिंजल' म्हणजे वांगे. इथे व्याख्या लिहीत बसणे म्हणजे उगाच कागद भरणे आहे. वांगे तुम्ही रोज पाहता, शब्द ऐकताच ते डोळ्यांपुढे येते. दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंना मराठी शब्द किंवा चित्र पुरेसे असते. अडचण येते ती क्रियापदांत, भावनांत, गुणांत आणि नात्यांत. 'वेअर' हे क्रियापद घ्या. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, टिकली लावतो, बांगड्या भरतो. अंगावर ते असण्याची स्थिती सांगायला इंग्रजीत या सगळ्यांना एकटे 'वेअर' पुरते. 'वेअर म्हणजे घालणे' एवढेच पाठ केले तर टिकलीपाशी आणि साडीपाशी मूल अडते, आणि दुसरे क्रियापद शोधू लागते. उलट बाजूने पाहा. आपला मावसभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि या सगळ्यांच्या बहिणी 'कझिन' या एका शब्दात मावतात. दोन भाषांनी जग वेगवेगळ्या ठिकाणी कापले आहे. प्रतिशब्द ते काप लपवतो, व्याख्या दाखवते.

व्याख्या म्हणजे काय, हे आपल्याकडे न्यायशास्त्राने फार बारकाईने पाहिलेले आहे. इंग्रजीच्या अभ्यासात न्यायशास्त्र कशाला, असे वाटेल. पण मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना ते चटकन पटते. व्याख्येला न्यायशास्त्रात लक्षण म्हणतात, आणि लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. उदाहरण गाईचे. 'शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय' म्हटले तर म्हैस आणि शेळीही आत शिरतात, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटले तर पांढऱ्या आणि काळ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. 'जिच्या पायाला एकच अखंड खूर असतो ती गाय' म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी हे गाईचे खरे लक्षण मानले गेले.

आता हीच कसोटी इंग्रजी शब्दाला लावा. 'चेअर' म्हणजे 'बसण्यासाठी वापरायची वस्तू', अशी व्याख्या एखाद्याने केली. मग स्टूल, बाक, सोफा, पाट यांचे काय? अतिव्याप्ती झाली. 'एका माणसाला बसण्यासाठी' असे जोडले की बाक आणि सोफा बाहेर गेले. 'पाठ टेकायची सोय असलेली' म्हटले की स्टूल आणि पाटही गेले. असे एकेक अंग जोडत गेले की शब्दाची हद्द आखली जाते. बरेचसे चांगले कोश नामांची व्याख्या याच रीतीने करतात. वस्तू कोणत्या घराण्यातली ते आधी सांगायचे, मग त्या घराण्यातल्या भावंडांपेक्षा ती वेगळी कशी ते. जोड्या लावताना डोळ्यांनी या दोन गोष्टी शोधायच्या: घराणे आणि वेगळेपण. घराणे कळले की आठ पर्यायांतले पाच आपोआप गळतात. उरलेल्या तिघांचा निवाडा वेगळेपणावर होतो, आणि खरे शिकणे त्या निवाड्यात घडते.

यासाठी कोश कोणता घ्यावा? मराठीत अर्थ देणारा कोश घरात हवाच. पण शब्दांच्या जोड्या लावण्यासाठी शिकणाऱ्यांकरता रचलेला इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठीचा जाडजूड कोश या कामाचा नाही. त्यात सोप्या शब्दाचा अर्थ अवघड शब्दांत दिलेला असतो आणि एक शब्द पाहायला गेलेला विद्यार्थी चार नवे शब्द घेऊन परत येतो. ही अडचण ओळखणाऱ्यांपैकी एक जण आपल्याच देशात शिकवत होता. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ त्या काळच्या बंगालमध्ये, ढाक्याला, काम करत होते. तिथल्या मुलांसाठी त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनमाला केली. पुढे १९३५ मध्ये सहकाऱ्यासोबत त्यांनी असा कोश काढला, की ज्यातल्या सगळ्या व्याख्या सुमारे दीड हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परभाषकांसाठीचा त्यांचा कोश १९४२ साली जपानमध्येच प्रथम छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आज 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून दुकानात मिळतो तो त्याचाच वंशज. १९७८ च्या लाँगमन कोशाने व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा घालून घेतली. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने तर व्याख्या पूर्ण वाक्यातच द्यायला सुरुवात केली. म्हणजे 'तुम्ही एखादी वस्तू बॉरो करता तेव्हा ती परत देण्याच्या बोलीने घेता', अशा धर्तीवर. नवशिक्यांना मी कोबिल्ड सुचवते, कारण त्याची व्याख्या वाचताना शब्द वाक्यात कसा बसतो तेही कळते. हे कोश फोनवर फुकट पाहता येतात.

आता प्रत्यक्ष काम. रोज दहा शब्द घेण्याचा संकल्प बहुतेक जण करतात आणि आठवडाभरात मोडतात. पाच घ्या. शब्द यादीतून उचलू नका. तुम्ही जे वाचत आहात त्यातून घ्या: पाठ्यपुस्तकातला धडा, खताच्या पोत्यावरचा मजकूर, औषधाच्या डब्यावरची सूचना, वर्तमानपत्रातली बातमी. समजा, पाच शब्द मिळाले: 'ड्रॉट', 'विटनेस', 'फ्रॅजाइल', 'इनहेरिट' आणि 'रिलक्टंट'. प्रत्येकाची व्याख्या कोशातून वाचा, कोश मिटा आणि ती आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहा. नक्कल करू नका. स्वतःच्या शब्दांत लिहिताना जिथे पेन थांबते, तिथे तो शब्द तुम्हाला अजून कळलेला नाही, हे तिथल्या तिथे समजते. मग कोश पुन्हा उघडा आणि दुरुस्ती करा.

यानंतरची पायरी फार जण गाळतात. पाच शब्दांसमोर पाचच व्याख्या ठेवू नका, आठ ठेवा. पाचाला पाच ठेवले की चार जोड्या येणाऱ्याला पाचवी फुकट मिळते. तीन येत असतील तर उरलेल्या दोन लावायच्या दोनच रीती असतात, म्हणजे नाणेफेक. अंदाजाने पूर्ण गुण मिळतात आणि मूल खूश होते. ते गुण खोटे असतात. तीन जादा व्याख्या टाकल्या की ही पळवाट बंद होते. पण त्या जादा व्याख्या अंदाजपंचे घेऊ नका. आपल्या शब्दाच्या शेजारच्या घरातल्या घ्या.

'ड्रॉट'शेजारी 'फॅमिन'ची व्याख्या ठेवा. मराठीत दोघांनाही आपण दुष्काळ म्हणतो. पण 'ड्रॉट' म्हणजे बराच काळ पाऊस न पडणे, आणि 'फॅमिन' म्हणजे पुष्कळ लोकांना खायला अन्न न मिळणे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, पिके गेली. लोकांना रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणे अशी कामे काढून दिली गेली, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना आकाराला आली. त्या वर्षाला इंग्रजीत 'ड्रॉट' म्हणतात. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने आणि तिच्या मागून आलेल्या रोगराईने मेली. त्याला 'फॅमिन' म्हणतात, आणि ते संकट पाऊस न पडण्यापुरते नव्हते. महायुद्ध, महागाई, गरिबांच्या हाताबाहेर गेलेला तांदूळ, हे सगळे त्यात होते. ज्या घरात आजी-आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्या घरातल्या मुलाला हा फरक एकदा कळला की तो आयुष्यभर विसरत नाही. अवर्षण आणि दुष्काळ असा भेद मराठीतही आहे, आपण बोलताना तो पाळत नाही इतकेच. इंग्रजी शब्दाची व्याख्या शोधता शोधता आपली भाषाही लख्ख होते, याचा मला फार आनंद वाटतो.

'इनहेरिट'जवळ 'मृत्यूनंतर आपली मालमत्ता दुसऱ्याला मिळावी अशी व्यवस्था करणे' ही व्याख्या ठेवा. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे तपासल्याशिवाय जोडी लागणार नाही. 'विटनेस'जवळ 'ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असा माणूस' ठेवा. दोघेही कोर्टातच भेटतात, पण पिंजरा वेगळा. 'फ्रॅजाइल' आणि 'रिलक्टंट' ही विशेषणे आहेत. त्यांना फसवी व्याख्या देण्याची गरज नाही, आठ पूर्ण झाल्या.

जोड्या लावताना व्याख्येच्या घडणीकडेही लक्ष द्या. 'टू'ने सुरू होणारी व्याख्या क्रियापदाची. 'अ पर्सन हू'ने सुरू होणारी माणसाची. 'नॉट वॉन्टिंग टू' किंवा 'ईझिली ब्रोकन' अशी सुरुवात दिसली की विशेषण. परीक्षेत ही युक्ती वेळ वाचवते, जरूर वापरा. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांत 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन'चे प्रश्न येतात, त्यात व्याख्या दिलेली असते आणि चार शब्दांतून एक निवडायचा असतो. तो याच खेळाचा प्रकार आहे. पण घरी सराव करताना नुसत्या खुणांवरून उत्तर काढले असेल, तर त्या शब्दावर फुली मारून ठेवा. तो तुम्हाला आला नाही, सापडला.

सापडणे आणि येणे यांतला फरक मी एका मुलाच्या बाबतीत अगदी जवळून पाहिला. जोड्यांच्या सरावात तो दर वेळी पैकीच्या पैकी गुण घ्यायचा. आठ दिवसांनी मी शब्दांची बाजू झाकली, एकेक व्याख्या वाचून दाखवली आणि शब्द विचारला. विसांतले चार आले. मुलाचा चेहरा उतरला, आणि चूक माझी होती. मी त्याला ओळखायला शिकवले होते, आठवायला शिकवले नव्हते. समोर दहा माणसे उभी असताना त्यांतला आपला मामा दाखवणे सोपे असते. बोलताना शब्द असे रांगेत उभे राहत नाहीत; आत जाऊन एकाला हात धरून बाहेर आणावे लागते.

त्यामुळे प्रत्येक संच तीन वेळा फिरवा. पहिल्यांदा शब्द आणि व्याख्या दोन्ही समोर ठेवून जोड्या लावा. दुसऱ्यांदा व्याख्या झाका, शब्द पाहून अर्थ सांगा. तिसऱ्यांदा शब्द झाका, व्याख्या वाचून शब्द सांगा, आणि तो इंग्रजी अक्षरांत लिहा. तिसरी फेरी सर्वांत जड जाते आणि सर्वांत उपयोगी तीच. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, आणि नोकरीची मुलाखत तर वर्षांनी येते.

पुनरावृत्तीचे वेळापत्रक हा पुढचा भाग. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून ती किती वेळाने किती विसरली जातात, हे त्यांनी मोजले. सुरुवातीच्या तासांत विसर झपाट्याने पडतो, मग तो मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या हळूहळू लांबवल्या तरी चालतात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यावर खोक्याची साधी सोय सुचवली. मिठाईचा किंवा बुटांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डे करा. त्यांची कोरी बाजू या कामाला छान असते. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला तुमच्या शब्दांतली व्याख्या. सगळी कार्डे पहिल्या कप्प्यात. बरोबर आले ते कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले ते कितव्याही कप्प्यात असो, पुन्हा पहिल्यात येते. पहिला कप्पा रोज काढा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. फोनवर हेच काम करणारी ॲप्स आहेत, 'अँकी' त्यांतले जुने आणि चांगले. तरी शाळकरी मुलांसाठी मी खोकाच सांगते. हाताने लिहिलेले कार्ड पुढच्या कप्प्यात सरकताना मुलाला जे समाधान मिळते, ते पडद्यावर मिळताना मी पाहिलेले नाही, आणि फोन हातात आला की तो फक्त शब्दांपुरता राहत नाही.

एक चूक चांगले शिक्षकही करतात. नवे शब्द शिकवताना ते समानार्थी शब्दांचा गुच्छच देतात: रागाचे सहा शब्द, आनंदाचे सहा शब्द. दिसायला व्यवस्थित वाटते. पण १९९० च्या दशकात टिंकहॅम आणि वेअरिंग या संशोधकांनी जे प्रयोग केले, त्यांत उलट दिसले. एकाच गटातले, अर्थाने जवळचे शब्द एकाच वेळी नव्याने शिकायला जास्त वेळ लागतो, कारण ते एकमेकांत मिसळतात. याचा अनुभव 'बॉरो' आणि 'लेंड'मध्ये प्रत्येकाने घेतला आहे. दोन्ही एकाच दिवशी शिकवले की उसने घेणे कुठले आणि देणे कुठले, याचा घोळ वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. आज फक्त 'बॉरो' शिका. ग्रंथालयातून पुस्तक आणा, मित्राकडून कंपास घ्या, वाक्ये करा. 'लेंड' तीन आठवड्यांनी आणा. दोन्ही आपापल्या जागी घट्ट बसल्यावर मग त्यांना एका संचात समोरासमोर उभे करा. शेजारच्या घरातल्या फसव्या व्याख्यांबद्दल मी वर जे म्हटले, ते याच्याशी विसंगत नाही. 'ड्रॉट' शिकताना 'फॅमिन'ची व्याख्या हद्द दाखवायला ठेवली, त्याच दिवशी तो दुसरा शब्द पाठ करायला सांगितला नाही.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द आपल्याला येतात, असे आपण धरून चालतो. त्यांनाही एकदा व्याख्येशी जोडून पाहा. आपल्याकडे ग्लास स्टीलचा असतो. इंग्रजीत 'ग्लास' म्हणजे मुळात काच, आणि मग काचेचे पेय पिण्याचे भांडे. स्टीलच्या ग्लासला 'टंब्लर' म्हणावे. आपण हॉटेलात मिसळ खातो; इंग्रजीतल्या 'हॉटेल'ची व्याख्या पैसे देऊन राहण्याची जागा अशी सुरू होते, नुसते खायचे असेल तर ते 'रेस्टॉरंट'. आपले 'गॅदरिंग' नाच-नाटकांनी भरलेले असते. इंग्रजीत कोणत्याही कारणाने माणसे जमली की 'गॅदरिंग' झाले. घरातली 'लाइट गेली' तर इंग्रजीत वीज जाते, 'पॉवर' जाते. हे शब्द मराठीत आपल्या अर्थाने वापरण्यात काहीच गैर नाही, ते आता आपले आहेत. पण परदेशी पाहुण्याला 'वी विल ईट इन अ हॉटेल' म्हणाल तर तो बॅग भरायला लागेल.

शब्दांची मुळे कळली तर व्याख्या अर्धी तयार मिळते. आपल्याला हे नवे नाही. 'हार' या एका मुळाला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे शाळेतच शिकवतात. इंग्रजीत लॅटिनमधून आलेले 'पोर्ट' तसेच आहे. त्याचा अर्थ वाहून नेणे. 'इम्पोर्ट' आत आणणे, 'एक्स्पोर्ट' बाहेर पाठवणे, 'ट्रान्सपोर्ट' इकडून तिकडे नेणे, 'डिपोर्ट' देशाबाहेर काढणे. 'पोर्टर' म्हणजे हमाल आणि 'पोर्टेबल' म्हणजे सहज उचलून नेता येईल असे. एका मुळावर सहा कार्डे झाली. मात्र मुळावर आंधळा विश्वास नको. महामार्गावर टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते. 'इन' म्हणजे 'नाही' असे धरून कोणी त्याचा अर्थ 'न पेटणारे' असा लावला तर जिवावर बेतेल. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे. 'फ्लेमेबल'चाही तोच. अशा शब्दाच्या कार्डावर मी लाल शाईने खूण करायला लावते.

व्याख्या जुळली म्हणजे शब्द वापरता आला, असेही नाही. प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले असतात. आपण म्हणतो मोठा पाऊस पडला. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. प्रमाण इंग्रजीत नेमके उलटे: विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, शिक्षक ती 'गिव्ह' करतात. 'आय गेव्ह द एक्झाम' हे वाक्य भारतात सर्रास चालते, बाहेरच्या माणसाला मात्र बोलणारा शिक्षक वाटेल. म्हणून कार्डाच्या मागे व्याख्येखाली एक ओळ मोकळी ठेवा आणि त्या शब्दाचे दोन सोबती तिथे लिहा. कोशात व्याख्येनंतर तिरप्या अक्षरांत जी उदाहरणे असतात, ती त्यासाठीच असतात. लोक ती वाचत नाहीत, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

किती शब्द पुरतील, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. वेस्ट यांनी १९५३ मध्ये सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले दहापैकी जवळपास आठ शब्द अशा यादीतले असतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबे निवडली. महाविद्यालयात जाणाऱ्याने त्या यादीकडे वळावे. पहिले दोन हजार पक्के झाल्याशिवाय वृत्तपत्री भारदस्त शब्दांच्या मागे लागू नका. 'युबिक्विटस' येणारा आणि 'रिमेम्बर', 'रिमाइंड' यांत गोंधळणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याला अवघड शब्द कमी पडत नव्हते.

आणि ज्या पालकांना स्वतःला इंग्रजी येत नाही, त्यांनी मागे राहू नये. मुलाने कार्ड वाचून अर्थ मराठीत समजावून सांगायचा, तुम्ही फक्त शंका काढायच्या. खुर्चीची व्याख्या सांगितली, तर 'मग स्टूल का नाही?' गाईची सांगितली, तर 'मग म्हैस का नाही?' अतिव्याप्ती पकडायला इंग्रजीची एबीसीडी लागत नाही, चौकस मन लागते. स्कूटरवाल्या वाक्याच्या त्या मुलीने दोन्ही कार्डे नव्याने लिहिली आणि घरी आईला वाचून दाखवली: 'शेड' म्हणजे ऊन अडलेली गार जागा, 'शॅडो' म्हणजे प्रकाश अडून पडलेली आकृती. आई भाकरी थापत होती. थापता थापताच तिने विचारले, 'मग दिव्याखाली जो अंधार असतो, तो यांतला कोणता?'

मुलीने दोन्ही कार्डे पुन्हा वाचली. 'शॅडो,' ती म्हणाली. 'तिथे ऊन कुठे आहे?'